झाकणावरची लाख

प्रिय बारक्या (वय वर्षे सेहेचाळीस, तरी बारक्याच),

पत्राच्या आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. परवा तू तुझ्या बायकोच्या हाती परत पाठवलेला माझा जाडा शब्दकोश पोचला. दीड वर्षापूर्वी तो तुला देताना मी काय बजावलं होतं ते तुझ्या लक्षात असेल. हे पुस्तक आहे, हात पुसायचं फडकं नव्हे, आणि ग्रीसचा एक जरी अंगठा उमटला तरी मी तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही. तेव्हापासून एक छान बोचरं वाक्य मी मनात घोटून तयार ठेवलं होतं, शब्दकोश परत आला की वापरायला. आणि तू काय केलंस? वर्तमानपत्राचं कव्हर घातलंस, खुणेला कागदाच्या पट्ट्या ठेवल्यास, आणि नऊशे बारा पानांत एक डाग पडू दिला नाहीस. मी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. भिंग घेऊन पाहिला. शेवटी पानांचा वास घेऊन पाहिला. साधा पेट्रोलचा वास नाही रे! समोरच्याच्या तक्रारीला तसूभरही जागा ठेवायची नाही, हा तुझा जुना दुर्गुण आहे. तुझी वहिनी भाजी निवडत माझा हा तपास बघत होती. म्हणाली, "चूक सापडली नाही तर तुमचं अन्न पचत नाही. बसा शोधत, सापडेल." सापडली. मात्र ती शब्दकोशात नव्हती, आणि तुझी तर नव्हतीच.

आपल्या दोन घरांमध्ये अंतर जेमतेम चार किलोमीटर. तेवढ्यासाठी पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तोंडानं बोलायला लागलो की मला सुचतं, आणि सुचलं की मी बोलून बसतो. तीस वर्षं व्याकरण आणि तर्क शिकवून जिभेला जी धार आली, तिनं काय काय कापलं गेलं याचा विचार मी गेले काही दिवस करतो आहे. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे. आधीच्या तिन्हींत मी फार चांगला माणूस निघालो होतो, म्हणून फाडले.

तर मोटारसायकलीपासून सुरू करतो. माझ्याकडे परीक्षा विभाग आला त्या दिवशी तू ती दारात आणून उभी केलीस. कुठल्याशा गोडाउनात अकरा वर्षं पडून राहिलेली, उंदरांनी सीट खाल्लेली ती जुनी फटफटी तू उचलून आणलीस, हे मला माहीत होतं. सात महिने तू तुझं काम आटोपून रोज तासभर तिच्यापाशी बसत होतास, हे मला नंतर तुझ्या बायकोनं सांगितलं. काळी टाकी, तिच्यावर बारीक सोनेरी रेघ, आणि तो आवाज. आमच्या गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघत होती. तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि इतकंच म्हणालास, "दादा, कार्ब्युरेटर मूळचा आहे. असा आता मिळत नाही. बाकी काही झालं तर मी आहेच." सोबत एक वही दिलीस. तिच्यात इंजिनाचा नंबर, कार्ब्युरेटरवरचा नंबर, काय काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे सगळं तुझ्या त्या तिरप्या अक्षरात. मी वही उघडली आणि पहिल्याच पानावर तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. आभार मानायचे राहिले. तेव्हा वाटलं होतं, मानीन कधीतरी.

महिन्याभरानं परीक्षा आल्या. तुला ठाऊक आहे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्ही कापडात शिवतो आणि शिवणीवर लाख ओतून शिक्का उठवतो. त्या दिवसांत माझ्या टेबलावर मेणबत्ती, लाखेच्या लाल कांड्या आणि पितळी शिक्का हीच माझी पूजेची उपकरणं. अशाच एका सकाळी शाळेत निघताना गाडी पुसत होतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मला एक भोक दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं. आदल्याच दिवशी टाकी गच्च भरून येताना मी ब्रेक दाबला होता आणि दोन थेंब पँटवर उडाले होते. दिवसभर वर्गात मुलं नाक मुरडत होती. मी म्हटलं, हे तर इथून येतं! शिवाय पाऊस आला तर पाणी आत जाणार. एवढी मेहनत केली, आणि आमच्या बारक्यानं एवढंसं भोक तसंच ठेवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुझ्या कामात मला खोट सापडली होती. मी झाकण काढलं, टाकीवर हातरुमाल टाकला, झाकण घरात नेलं आणि मेणबत्तीवर लाख वितळवून त्या भोकावर एक थेंब सोडला. हातासरशी शिक्काही उठवणार होतो, पण तेवढं भान राहिलं. मग ब्लेडनं घासून सपाट केलं, वर चंदेरी रंगाचं एक बोट फिरवलं. इतकं बेमालूम झालं की दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना. माझ्या आयुष्यातलं हे हातानं केलेलं एकमेव काम. आणि ते मी उत्तम केलं होतं, हीच तर पंचाईत.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. गाडी बंद पडू लागली. घरून निघालं की आठ-दहा किलोमीटर मजेत चालायची, मग खोकायची, आचके द्यायची आणि रस्त्याच्या मधोमध प्राण सोडायची. मी तुझ्याकडे आलो. तू फडक्यानं हात पुसत नेहमीचा प्रश्न विचारलास. "दादा, आधी मला सांग, तू गाडीला काही केलंस का? काही लावलंस, काढलंस, घट्ट केलंस?" मी म्हणालो, "मी? मी फक्त बसतो." मी खोटं बोललो नाही, बारक्या. निदान तेव्हा नाही. लाखेचा एक थेंब म्हणजे गाडीला काही करणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग तू विचारलंस, "बंद पडल्यावर परत कशी चालू होते?" इथे मात्र मी लपवलं. गाडी बंद पडली की मी पहिल्यांदा काय करत होतो, तर झाकण उघडून टाकीत डोकावत होतो, पेट्रोल आहे ना ते बघायला. कारण त्या आधीच्याच महिन्यात मी रिकाम्या टाकीची गाडी अडीच किलोमीटर ढकलत तुझ्या गॅरेजपर्यंत आणली होती, आणि तू गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होतास, "आमचा दादा गाडी व्याकरणावर चालवतो." सगळे हसले. मीही हसलो, घरी जाऊन धुमसलो. म्हणून झाकण उघडल्याचं मी तुला सांगितलं नाही. म्हणालो, "दहा मिनिटं विसावा दिला की होते चालू."

झालं. माझ्या त्या एका वाक्यानं तू भलत्या दिशेला गेलास. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते म्हणजे कॉइल, असं तू म्हणालास, आणि तुझं काही चुकलं नव्हतं. तू कॉइल बदललीस. मी पाच दिवसांनी परत आलो. तू प्लग बदललास, वायर बदललीस. मी परत आलो. तू पेट्रोलचा नळ उघडून जाळी साफ केलीस, कार्ब्युरेटर उतरवून धुतलास, स्वतः पुलापर्यंत चालवून आणलीस. पूल तुझ्यापासून दोन किलोमीटर, तेवढ्यात तिला काय होतंय? "ठणठणीत आहे दादा," म्हणालास, आणि मी लांबच्या वळशानं घराकडे निघालो, आणि बाजाराच्या चौकात ती पुन्हा मेली. मागे तुझी वहिनी बसलेली. मी उतरलो, झाकण उघडलं, डोकावलो. ती म्हणाली, "अहो, दर वेळी तुम्ही झाकण उघडलं की ती हुश्श करते. ऐकलंत का? जीव गुदमरल्यासारखी." मी म्हणालो, "यंत्राला भावना चिकटवू नयेत, तो साहित्यातला अलंकार झाला." ती म्हणाली, "अलंकार असेल. चालू तर होते." मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलो की कारण शोधायचं तर जे असलं की कार्य घडतं आणि नसलं की घडत नाही, तेच धरायचं. झाकण उघडलं की चालू, बंद असलं की बंद. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही माझ्या हातात, स्क्रूच्या आट्यांसकट. आणि मी चौकात उभा राहून बायकोला अलंकार शिकवत होतो.

त्याच सुमाराला आमचे भूगोलाचे मास्तर मला म्हणाले, "सर, जुन्या गाडीत खरी किंमत कार्ब्युरेटरची. तुमचा मूळचा होता म्हणता ना? मग बघा एकदा, अजून तोच आहे का. घरचा मिस्त्री असला तरी मिस्त्रीच." मी त्यांना झिडकारायला हवं होतं. मी म्हणालो, "हं." बारक्या, त्या "हं"ची मला जितकी लाज वाटते तितकी पुढच्या आरडाओरड्याचीही वाटत नाही. ओरडणं रागाच्या भरात होतं, म्हणता येईल. "हं" मी शुद्धीवर असताना म्हणालो.

आणि त्या शनिवारी मी चौथ्यांदा तुझ्याकडे आलो, तेव्हा तुझ्या टेबलावर, रॉकेलच्या थाळीत, तसाच कार्ब्युरेटर. तोच आकार, तेच पितळ, घासून लखलखीत केलेला. माझ्या डोक्यात धूर दिसला की अग्नी आहेच, असा मामला. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, समोरचा टायरवाला त्याच्या दारात उभा होता. तू माझ्या गाडीपाशी वाकला होतास. तू झाकणावरून अंगठा फिरवलास, थांबलास, परत फिरवलास. म्हणालास, "दादा, हे झाकण जरा..." आणि मी म्हणालो, "झाकणाचं राहू दे. माझा कार्ब्युरेटर त्या थाळीत काय करतोय ते सांग आधी." तुला पहिल्यांदा समजलंच नाही. तू हसलास. मग मी ते वाक्य बोललो. ते इथे परत लिहिणं मला भाग आहे, कारण ते तू एकट्यानंच बाळगावं हे बरोबर नाही. मी म्हणालो, "आईनं तुला हात दिले, नियत द्यायला विसरली." टायरवाला आत निघून गेला. तू अंगठा झाकणावरून काढलास आणि फडक्याला पुसलास. एवढंच म्हणालास, "घेऊन जा दादा गाडी." मी घेऊन गेलो. रागात घरावरून पुढेच जात राहिलो आणि सातव्या का आठव्या किलोमीटरला ती बंद पडली, आणि ती बंद पडली याचं मला समाधान वाटलं. मी खरा ठरलो होतो ना!

याला आठ महिने झाले. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, जी तुला माहीत नाही. ती मी या पत्रात अजून सांगितलेली नाही हे माझ्या ध्यानात आहे. चार कागद झाले, मी तिच्याभोवती फेऱ्या मारतो आहे. सांगतो.

त्याआधी पंपाचं. लांब जायला मी गाडी काढतच नव्हतो, फक्त शाळेपुरती; आठवड्यातून एकदा पेट्रोल भरायला जायचो, तेही जवळच्या पंपावर. तिथे एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, तोंडाळ, कुणालाही हाताला धरून रांगेत उभं करतात. दीडेक महिन्यापूर्वी त्यांनी माझ्या टाकीचं झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमची टाकी दर वेळी उसासा टाकते. कुणाच्या विरहात आहे?" मग झाकण उलटंसुलटं केलं, अंबाड्यातली पिन काढली आणि बरोबर त्या जागी टोचायला लागल्या. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून लाल भुगा पडला, त्यांच्या तळहातावर, कुंकवासारखा. "अगंबाई, हे तर बुजवलंय कुणीतरी! टाकीत हवा शिरायला नको का? पेट्रोल खाली उतरणार कसं? बाटली उपडी धरून वरचं भोक बुजवल्यासारखं झालं की हे. कोण दीडशहाणा हो?" मागे चार गाड्या उभ्या होत्या. मी म्हणालो, "आधीच्या मालकाचं काम असेल."

वाचलंस ना नीट? आधीच्या मालकाचं. मी तुझ्यावर आळ घेतला होता, तो खोटा ठरल्याला पुरतं अर्धं मिनिट झालं नव्हतं, आणि मी ज्याला कधी पाहिलंही नाही अशा माणसावर दुसरा आळ घेऊन मोकळा झालो. त्या दिवशी मी थेट घरी न जाता गावाबाहेरच्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर गेलो. एकदाही खोकली नाही. तू दिली होतीस अगदी तशीच, गोड आवाजात चालत राहिली. परत येऊन वहीतला नंबर कार्ब्युरेटरवरच्या नंबराशी ताडून पाहिला. तोच. पहिल्यापासून तोच होता.

त्याच संध्याकाळी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी काय केलं ते सांगतो, आणि हसू आलं तर हस, तुला हक्क आहे. मी गाडी बिघडलेलीच ठेवली. म्हणजे गाडी बरी झाली, पण ती बरी झाल्याचं मी कुणाला कळू दिलं नाही. आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, सरांच्या भावानं सरांना फसवलं. आता गाडी चालते म्हटलं तर विचारणार, काय झालं होतं? म्हणून शाळेच्या अलीकडच्या वळणावर, जिथे मास्तरमंडळी चहाला उभी असतात, तिथे मी किल्ली हळूच बंद करायचो. गाडी थांबायची. मी उतरायचो, झाकण उघडायचो, गंभीर चेहऱ्यानं आत डोकवायचो. भूगोलवाले लांबून म्हणायचे, "आज पण का सर?" आणि मी मान हलवायचो. बारक्या, ठणठणीत गाडी रोज सकाळी भर रस्त्यात बंद पाडणारा मी बहुधा जगातला पहिलाच माणूस असेन. पाच आठवडे मी हे केलं. तुझ्या वहिनीला एकदा वळणावर दिसलो. रात्रीचं ताट वाढताना फक्त म्हणाली, "किल्लीनं बंद पडते वाटतं हल्ली."

आणि परवा तुझी बायको शब्दकोश घेऊन आली. ओट्याशी बसून तुझ्या वहिनीशी बोलत होती, आणि मी इकडे भिंग घेऊन डाग शोधत होतो. तिचं बोलणं कानावर पडत होतं. म्हणाली, गॅरेजच्या भिंतीवर लावलेला फळा त्यांनी काढला. त्यावर ते रोज तिला समोर बसवून धडा घ्यायचे, "समज तू विद्यार्थी आहेस, सांग, ठिणगी नसेल तर आधी काय बघशील?" आणि ती म्हणायची, "आधी भात उतरवीन, मग ठिणगी." आता ते सगळं बंद. शब्दकोश आता कशाला लागतो, देऊन ये, म्हणाले. तुझी वहिनी म्हणाली, "त्या दिवशी थाळीत होता तो कुठला गं?" तुझी बायको म्हणाली, "तो? तुमच्याच गाडीसाठी शोधून आणला होता. भाऊजींना सारखा त्रास होतोय, एक जादा तयार असावा म्हणून. अजून पडलाय तसाच, कागदात गुंडाळून." ती हे रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सांगत होती फक्त.

ती गेल्यावर मला आठवलं की तुझं माझ्याकडे काहीतरी आहे. शब्दकोश नेलास तेव्हा तू मला एक जाडी वही दिली होतीस, शुद्धलेखन तपासायला. तंत्रशाळेत निदेशकाची जागा निघणार होती, मुलांना मोटारसायकल दुरुस्ती शिकवायची. तू तयारी म्हणून लिहीत होतास. ती माझ्या कपाटात, गठ्ठ्यांखाली होती. पहिल्या दोन पानांवर माझ्या लाल शाईच्या खुणा. तिसऱ्या पानापासून कोरी. कंटाळा आला असणार मला. मी काल सकाळी बसून ती पूर्ण वाचली. पहिलंच वाक्य असं आहे: "गाडी बिघडली तर आधी गाडीला हात लावू नका. मालकाला विचारा, तुम्ही काय केलंत? तो काही नाही म्हणेल. रागावू नका. त्याला लाज वाटत असते." आणि अकराव्या पानावर: "आठ-दहा किलोमीटर चालून गाडी बंद पडते आणि झाकण उघडल्यावर चालू होते, असं मालकाने सांगितले तर झाकणाचे भोक बघा. एक पैशाचे काम नाही, पण मिस्त्री चार दिवस हुडकत बसतो, कारण मालक झाकणाचे सांगत नाही." हे सगळं दीड वर्ष माझ्या कपाटात होतं. मी 'ठिणगी'चा ऱ्हस्व तपासून वही ठेवून दिली होती. फार चांगलं लिहिलं आहेस रे. मी तीस वर्षं शिकवतो आहे, मला इतकं सोपं आणि इतकं माणसं ओळखून लिहिता येत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. आपलं बिनसल्यावर आठवड्यानं तंत्रशाळेचे प्राचार्य मला भेटले. आम्ही एका वर्गात होतो, हे तुला माहीत आहे. म्हणाले, "तुमच्या भावाचा अर्ज आलाय. अनुभव सत्तावीस वर्षांचा, आम्हाला असाच माणूस हवा. तुमचं काय मत?" मी म्हणालो, "हात उत्तम आहेत. हातांखालून काय जातं, तेवढ्यावर लक्ष ठेवा." वाक्य जमलं म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं. तुला पंधरा दिवसांनी जे पत्र आलं, शैक्षणिक पात्रता विचारात घेता वगैरे, ते त्यांनी सभ्यपणा म्हणून लिहिलं. पात्रतेचा काही संबंध नव्हता. जाहिरातीत अनुभव चालेल असं स्पष्ट होतं. तुला नाकारलं ते माझ्या त्या वाक्यामुळे. काल वही वाचून झाल्यावर मी प्राचार्यांकडे गेलो. लाखेपासून सगळं सांगितलं, किल्लीसकट, भूगोलवाल्यांना म्हटलेल्या "हं"सकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हा घेतलेला माणूस टिकला नाही. जागा परत निघते आहे, या महिनाअखेरपर्यंत अर्ज घेतोय. पण मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हणालो, माझ्या तोंडानं जाता येणार नाही, मी लिहितो. त्यांनी तुझी वही बघायला मागितली, मी दिली नाही. ती तुझी आहे. ती आणि अर्जाचा कोरा कागद या पत्रासोबत पाठवतो आहे. आज सकाळी वळणावर गाडी थांबवून भूगोलवाल्यांना आणि बाकी सगळ्यांनाही झाकणाचं सांगितलं. टायरवाल्याकडे उद्या जाणार आहे.

तू मला माफ करशील की नाही, याची मला फारशी काळजी नाही. तू करशील, आणि नाही केलंस तरी ते बरोबरच होईल. काळजी वेगळीच आहे. तुझी बायको जाता जाता दारात म्हणाली, की परत अर्ज कर म्हटलं तर ते हसतात आणि म्हणतात, "नववीत ज्याला दोन वर्षं बसून बाहेर पडता आलं नाही, त्यानं वर्गात परत कशाला जायचं?" बारक्या, हे वाक्य माझं आहे. तू ती वही मला द्यायला आलास तेव्हा मी ते बोललो होतो, चेष्टेत, आणि तूही हसला होतास. आठ महिने तू ते खरं धरून चालला आहेस. महिनाअखेर गेली आणि हा कागद कोराच राहिला, तर तू तो माझ्या एका चेष्टेमुळे कोरा ठेवशील, याची मला भीती वाटते.

तुझाच,
ज्याला विचारलं असता "मी फक्त बसतो" म्हणाला, तो

दादा